मशीन नको, आधी गाठ नीट पोहोचू द्या

लहान मुलांच्या स्नायूंत होणाऱ्या कॅन्सरमध्ये पेशींचे किती प्रकार असतात, या अभ्यासात खानदेशानं उतरावं, असं मी बोलायला लागलो की समोरचा माणूस आधी माझा चेहरा निरखतो. जळगावचा असेल तर म्हणतो, ‘इथं मुलाला कॅन्सर झाला तर मुंबईची गाडी पकडावी लागते, आणि तुम्ही एकेक पेशी वाचायला निघालात?’ नंदुरबारचा असेल तर तेवढंही म्हणत नाही. मोलगी-धडगावच्या पाड्यावरून आजारी मूल तालुक्याला आणणं म्हणजे काय, हे त्याला माहीत असतं. तो सरळ विषय बदलतो.

आक्षेप रास्त आहे. पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला तर तो जास्तच टोचतो, कारण काय काय कमी आहे ते तो रोज बघतो. पण या आक्षेपाच्या पोटात एक क्रम गृहीत धरलेला असतो: आधी सगळ्यांना साधे उपचार मिळोत, संशोधनाचं मग बघू. माझं भांडण त्या ‘मग’शी आहे. मुलांच्या कॅन्सरच्या बाबतीत हा क्रम जगात कुठंच असा चाललेला नाही. आणि आपण तो तसा चालवायचा ठरवला तर आपल्या वाट्याला दोन्हीतलं काहीच येणार नाही.

आजाराविषयी आधी थोडं. मुलांच्या मऊ ऊतींत, म्हणजे हाडं सोडून स्नायू, चरबी, स्नायूंवरची आवरणं वगैरेंत जे कॅन्सर होतात, त्यांत सर्वांत जास्त आढळतो तो रॅब्डोमायोसार्कोमा. जवळजवळ निम्मे रुग्ण याचेच. वॉर्डात आणि लॅबमध्ये सगळे ‘आरएमएस’ म्हणतात, मीही तेच म्हणतो. डोळ्याच्या खोबणीत, नाकाच्या मागं, मूत्राशयाजवळ, वृषणाशेजारी, हातापायांत, कुठंही तो उगवतो. बहुतेक मुलं दहा वर्षांच्या आतली असतात. गाठ बऱ्याचदा दुखत नाही, आणि घात तिथंच होतो. दुखत नाही म्हणून घरचे लेप लावतात, दुखत नाही म्हणून बाप कपाशीची वेचणी उरकेपर्यंत थांबतो. सिव्हिलला आणलं आणि डॉक्टरांनी बायोप्सी सांगितली तर आजी विचारते, ‘दुखस नई ना, मंग कसाले कापानं?’

भगताला आणि लेपाला दोष देणं सोपं आहे. त्याहून कमी बोललं जातं ते वेगळंच. काही वेळा गाठीला गळू समजून डॉक्टरच चीर देतात. सोनोग्राफी नाही, एमआरआय नाही, चीर कुठून द्यायची याचा विचार नाही. गाठ अर्धवट निघते, पेशी आजूबाजूला सांडतात, पुढच्या सर्जनला गाठीचा मूळ काठ सापडत नाही, आणि मुलाला मोठी शस्त्रक्रिया किंवा जास्त रेडिएशन सोसावं लागू शकतं. काढलेला गोळा तपासणीला पाठवलाच जाईल याचीही खात्री नसते.

पाठवला तर तो कसा येतो, तेही सांगतो. औषधाची अरुंद तोंडाची बाटली असते. ऊती मऊ असताना बोटानं दाबून आत ढकललेली असते. वर दोन बोटं फॉर्मॅलिन, तेही कधी कधी पाणीच जास्त असलेलं. नियमाप्रमाणे ऊतीच्या दहापट तरी फॉर्मॅलिन हवं. बाटली एसटीच्या पार्सलमधून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लॅबला पोहोचते. फॉर्मॅलिननं तोवर ऊती आक्रसून टणक झालेली असते आणि त्या तोंडातून ती काही केल्या बाहेर येत नाही. शेवटी बाटली कापावी लागते. कापून बघावं तर बाहेरचा थर पक्का, आणि मधला भाग, जिथं औषध पोहोचलंच नाही, तो राखाडी, सडायला लागलेला. लेबलवर ‘गाठ, पाय’ एवढंच. वय नाही, गाठ किती दिवसांची ते नाही, कुठला पाय तेही नाही.

हे वाचून कुणी म्हणेल, बघा, आम्ही हेच म्हणत होतो, आधी बाटली सुधारा. बरोबर आहे. मग ती आजवर का सुधारली नाही? फॉर्मॅलिन महाग नाही, रुंद तोंडाचा डबा महाग नाही, दोन ओळींचा फॉर्म भरायला पैसे पडत नाहीत. सुधारली नाही, कारण त्या तुकड्याची वाट बघणारं कुणी नव्हतं. तुकडा वेळेत आणि चांगल्या अवस्थेत आला नाही तर फोन करून जाब विचारील असा माणूस साखळीत कुठंच नाही. पेशींचा अभ्यास करणारे लोक नेमके असे असतात. त्यांना तुकडा अर्ध्या तासात हवा असतो, काढल्याची वेळ हवी असते, गाठ आधी किती मोठी होती ते हवं असतं, आणि सहा महिन्यांनी मूल कसं आहे तेही हवं असतं. संशोधकाची ही जी कटकट असते ना, ती आपल्या दवाखान्यांना हवी आहे.

आता पेशींच्या विविधतेकडे येतो. आरएमएसची रंगवलेली स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली धरली की एका भागात लहान, गोल, गडद निळ्या पेशी दाटीवाटीनं बसलेल्या दिसतात. केंद्रक सोडलं तर त्यांच्यात पाहण्यासारखं काही नसतं. स्लाइड जरा सरकवली की लांबट, गुलाबी पेशी लागतात. काहींना शेपटासारखं टोक असतं. नशीब असेल तर एखादीत स्नायूच्या आडव्या रेघाही दिसतात. एकाच गाठीत, एकाच तुकड्यात. मायोजेनिनची, म्हणजे स्नायू घडवणाऱ्या पेशींच्या केंद्रकात सापडणाऱ्या प्रथिनाची, तपासणी लावली की काही केंद्रकं तपकिरी होतात आणि शेजारची निळीच राहतात. म्हणजे गाठ एकजिनसी नाही, हे पॅथॉलॉजीवाल्यांना कैक वर्षांपासून डोळ्यांनी दिसत होतं. कुठली पेशी काय करते आहे, हे मात्र स्लाइड सांगत नव्हती. तुकडा वाटून त्यातले जीन एकत्र वाचले तर जी येत होती ती सगळ्या पेशींची सरासरी.

गेल्या दहा-बारा वर्षांत एकेक पेशी सुटी वाचायची पद्धत रुळली. ताज्या तुकड्यात विकरं घालून पेशी मोकळ्या करायच्या, प्रत्येक पेशी तेलातल्या एका सूक्ष्म थेंबात बंद करायची, थेंबागणिक वेगळा बारकोड लावायचा आणि त्या पेशीत कुठले जीन चालू आहेत ते वाचायचं. एका तुकड्यातून हजारो पेशींचा असा हिशेब निघतो. 2022 आणि 2023 मध्ये अमेरिकेत मेम्फिसचं सेंट ज्यूड आणि बोस्टनचं मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल, आणि नेदरलँड्समध्ये उट्रेख्तचं प्रिन्सेस मॅक्सिमा केंद्र अशा ठिकाणांहून आरएमएसवरचे अभ्यास आले. त्यांचा एकत्रित सूर असा, की गर्भात स्नायू घडताना पेशी ज्या टप्प्यांतून जाते ते टप्पे गाठीत एकाच वेळी हजर असतात. अगदी कोवळ्या, स्नायू व्हायचं अजून नक्की न झालेल्या पेशी. भराभर विभागणाऱ्या मधल्या पेशी. आणि स्नायूसारख्या झालेल्या, विभागणी थांबलेल्या पेशी. सेंट ज्यूडच्या अभ्यासात एम्ब्रायोनल, म्हणजे आरएमएसच्या दोन मुख्य प्रकारांपैकी एका प्रकारातल्या संथ, कोवळ्या पेशी केमोच्या माऱ्यातून वाचल्या आणि गाठ पुन्हा उभी केली ती त्यांनीच. अशा पेशींत पेशीला वाढीचा इशारा देणारा ईजीएफआरचा मार्ग चालू असतो, तेव्हा तो बंद करणारं औषध केमोच्या जोडीला द्यावं का, याचे प्रयोग उंदरांवर झाले. उट्रेख्तच्या अभ्यासानं गाठीतल्या रोगप्रतिकारक पेशीही पाहिल्या. त्या गाठीत असतात, पण दबलेल्या असतात.

ज्यानं शेतात लव्हाळा निंदला आहे त्याला यात नवल वाटणार नाही. वरून फवारलं की हिरवं सगळं जळतं, रान स्वच्छ दिसतं, आणि जमिनीखालच्या गाठी पुढच्या पावसाला पुन्हा तोंड वर काढतात.

अल्व्हिओलर या दुसऱ्या मुख्य प्रकाराचं गणित थोडं वेगळं आहे. त्यात बऱ्याचदा दोन गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांना जोडले जाऊन पॅक्स3-फॉक्सओ1 नावाचा जोडजीन तयार होतो. 1993 मध्ये तो ओळखला गेला आणि आज मुलाचा धोका ठरवताना स्लाइडवरच्या रूपापेक्षा या जोडजीनला जास्त वजन दिलं जातं. ही तपासणी मेणाच्या ब्लॉकवर, म्हणजे मेणात बसवून जपलेल्या ऊतीवर होते, म्हणजे ब्लॉक चांगला असला पाहिजे. फिरून गाडी पुन्हा त्या बाटलीवर येते.

‘हे सगळं उंदरांवर आणि गोऱ्या मुलांच्या गाठींवर झालेलं, आमच्या पोराला आज काय उपयोग?’ असा प्रश्न एका बैठकीत मला थेट विचारला गेला. उपयोग आहे, आणि तो औषधाच्या दुकानात नाही, वॉर्डात आहे. आरएमएसची मुख्य औषधं व्हिन्क्रिस्टिन, ॲक्टिनोमायसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड. तिन्ही जुनी आहेत. 2019 मध्ये युरोपातल्या मोठ्या चाचणीचा निकाल छापून आला. जास्त धोक्याच्या गटातल्या ज्या मुलांची गाठ नेहमीच्या उपचारानंतर दिसेनाशी झाली होती, त्यांतल्या निम्म्यांना आणखी सहा महिने व्हिनोरेलबिनची इंजेक्शनं आणि सायक्लोफॉस्फामाइडच्या कमी मात्रेच्या रोजच्या गोळ्या दिल्या. पाच वर्षांनंतर जिवंत असण्याचं प्रमाण 73.7 टक्क्यांवरून 86.5 टक्क्यांवर गेलं. शंभरात बारा-तेरा मुलं, तीही जुन्या औषधांवर. ही चाचणी पेशींच्या नव्या अभ्यासातून निघाली नव्हती, तिची आखणी कितीतरी आधीची. पण गाठ दिसत नसताना औषध का चालू ठेवायचं, याचं सामान्य माणसाला पटेल असं कारण आज या अभ्यासाकडे आहे.

आणि आपल्याकडे मुलं हातची जातात ती बऱ्याचदा याच टप्प्यावर. गाठ गेली, मूल खेळायला लागलं, मग टाटाला कशाला जायचं? दिवाळीनंतर नंदुरबार-धुळ्याची कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, तारीख हलत नाही. बापाला ‘प्रोटोकॉल पूर्ण करा’ म्हणून सांगितलं तर तो मान हलवतो आणि जातो. त्याला गाठीत तीन प्रकारच्या पेशी असतात आणि त्यांतली कोवळी, संथ पेशी अजून जिवंत असू शकते, हे त्याच्या भाषेत, अहिराणीत, पावरीत, भिलोरीत सांगितलं तर तो निदान प्रश्न तरी विचारील. उचल फेडायची कशी, हा प्रश्न सुटत नाही, तो वेगळ्या खात्याचा आहे. पण निम्मं काम समजावण्याचं आहे, आणि समजावायला आधी सांगणाऱ्याला कळलेलं असावं लागतं.

आता त्या क्रमाच्या भ्रमाकडे. 1960 च्या दशकात आरएमएस झालेल्या मुलांपैकी साधारण चौथा हिस्सा वाचायचा. आज श्रीमंत देशांत, आजार पसरलेला नसेल तर, सत्तर टक्क्यांच्या आसपास वाचतात. पसरलेला असेल तर अजूनही तिसापेक्षा कमी. मधल्या काळात एखादं चमत्कारी औषध सापडलं असं झालेलं नाही. 1972 मध्ये अमेरिकेत वेगवेगळ्या रुग्णालयांनी मिळून आरएमएसचा सामाईक अभ्यास सुरू केला. एका रुग्णालयात वर्षाला दोन-चार मुलं. त्यावरून कुणाला काहीच ठरवता येत नव्हतं. सगळ्यांनी नोंद एका पद्धतीनं ठेवली, स्लाइड एका ठिकाणी पुन्हा तपासल्या, औषधांची तुलना केली, निकाल आले की पुढची फेरी. तिथं मुलाचा उपचार आणि मुलावरचा अभ्यास हे दोन वेगळे टप्पे नव्हतेच. जे मूल अभ्यासात होतं त्याची बायोप्सी नीट व्हायची, कारण ती दुसरा कुणीतरी तपासणार असायचा.

परदेशाचा दाखला नको असेल तर बार्शी घ्या. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत 1987 मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. काम नोंदीचं, म्हणजे शुद्ध संशोधनाचं. पण नोंद करायची तर गावोगाव जावं लागतं, लोकांशी बोलावं लागतं, लक्षणं सांगावी लागतात. काही वर्षांत असं दिसलं की त्या भागातल्या बाया गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठी आधीच्या मानानं लवकरच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्या. मोजायला गेलेल्या माणसांमुळे उपचार अलीकडे आले. खानदेशातल्या तीन जिल्ह्यांपैकी एकही राष्ट्रीय कॅन्सर नोंदणीच्या 2020 च्या अहवालात नाही. मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, वर्धा, बार्शी, उस्मानाबाद-बीड आहेत. तापीकाठ त्यात कुठंच नाही.

मग आपल्याकडे अशी मुलं किती असतील? पाश्चात्त्य आकडा दहा लाख मुलांमागे वर्षाला चार-पाच असा आहे. 2011 च्या जनगणनेत जळगाव, धुळे आणि नंदुरबार मिळून लोकसंख्या 79 लाखांच्या वर होती. पंधरा वर्षांखालची मुलं ढोबळ मानानं पंचवीस लाख धरली, आपला दर थोडा कमी धरला, तरी वर्षाला दहाच्या आसपास मुलं येतात. इतर सार्कोमा धरले तर वीस. आकडा लहान आहे म्हणून दुर्लक्ष करायचं की लहान आहे म्हणून एकही निसटू द्यायचा नाही, हा खरा सार्वजनिक प्रश्न आहे. मी दुसऱ्या बाजूचा आहे. एवढी मुलं सांभाळायला नवी इमारत लागत नाही, एक जबाबदार माणूस लागतो.

इथं मशीनचा विषय काढलाच पाहिजे, कारण आपल्याकडे आरोग्य म्हटलं की निधी मशीनकडे धावतो. फीत कापता येते, फोटो येतो. धुळ्याला 1988 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावला 2018 पासून, नंदुरबारला 2020 पासून. यांपैकी कुठंही पेशी वाचणारं मशीन घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एकेका नमुन्याची रसायनं महाग, चालवणारा माणूस प्रशिक्षित लागतो, आणि वर्षाला दहा नमुन्यांसाठी ते मशीन कापडाखालीच राहील. वाचन खारघरच्या ॲक्ट्रेकसारख्या, म्हणजे टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी होऊ दे. तिथं टाटा मेमोरियलची ऊतीपेढी आहे, माणसं आहेत. आपण इथून तुकडा नीट पाठवायचा.

नीट म्हणजे कसा? निदानापुरता भाग फॉर्मॅलिनमध्ये, आणि उरलेला वाटाण्याएवढा तुकडा लगेच द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून. पूर्वी एकेक पेशी वाचायला ताजाच तुकडा लागायचा. आता गोठवलेल्या तुकड्यातली केंद्रकं वेगळी करून तीही वाचता येतात. ‘नायट्रोजन खानदेशात कुठून आणणार?’ असं एका अधिकाऱ्यानं विचारलं तेव्हा मला हसू आवरेना. साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, कुठल्याही तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन बघा. कोपऱ्यात ॲल्युमिनियमचा जाड मानेचा कंटेनर असतो. झाकण उघडलं की पांढरी वाफ जमिनीवर उतरते, आणि आतल्या नळकांड्यांत गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या असतात. त्यासाठी द्रव नायट्रोजन गावोगाव वेळच्या वेळी पोहोचवायची व्यवस्था कैक वर्षांपासून चालू आहे. गीर गाईचं वासरू व्हावं म्हणून जे धडगावपर्यंत जातं ते धुळ्याच्या सिव्हिलच्या थिएटरपर्यंत जाऊ शकत नाही, असं कुणी सांगू नये.

म्हणून माझी मागणी अगदी रुक्ष आहे. धुळ्याच्या महाविद्यालयात एक समन्वयक नेमा. त्याचं काम एवढंच: तीन जिल्ह्यांत कुठल्याही मुलाच्या अंगावर दोन-तीन आठवडे टिकलेली, वाढणारी गाठ दिसली की फोन त्याला यावा. तो सोनोग्राफी-एमआरआयची वेळ लावील, बायोप्सी कोण करणार ते ठरवील, डबा-फॉर्म-नायट्रोजन बघील, महात्मा फुले योजनेचे कागद आरोग्यमित्राकडून पुरे करून घेईल, मुंबईला जाणाऱ्या आईबापांना राहायची सोय कुठं आहे ते सांगेल, आणि मूल घरी आलं की आशाताईला त्याची पुढची तारीख कळवील. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं 2013 पासून अंगणवाडी आणि शाळांत मुलं तपासतात. त्या कार्यक्रमाच्या मूळ तीस आजारांच्या यादीत कॅन्सर नाही. पथकातला डॉक्टर मुलाच्या अंगाला हात लावतोच आहे. ‘गाठ, डोळा पुढं आलेला, लघवी अडलेली’ ही तीन लक्षणं त्याच्या फॉर्मवर छापायला कितीसा खर्च येतो? जिल्हा नियोजन समितीच्या आराखड्यात अशा एका पदाचा पगार सहज बसतो. बसवायचा ठरवलं तर.

यातलं संशोधनाचं काम किती आणि उपचाराचं किती, ते वेगळं काढून दाखवा. मला काढता येत नाही.

आता जो आक्षेप मला खरोखर अस्वस्थ करतो, तो. आदिवासी मुलाच्या शरीराचा तुकडा घ्यायचा, मुंबईला पाठवायचा, पुढं त्यावर निबंध छापायचे, औषध निघालं तर पेटंट तिसऱ्याचं, आणि पाड्यावर काय? हे काल्पनिक भय नाही. आरएमएसच्या प्रयोगशाळांत आजही वापरली जाणारी आरडी नावाची पेशीमालिका, म्हणजे काचेच्या भांड्यात वाढतच राहणाऱ्या पेशींचा वाण, 1960 च्या दशकाच्या अखेरीस एका सात वर्षांच्या मुलीच्या गाठीतून वाढवली होती. जगभर हजारो प्रयोग तिच्या पेशींवर झाले. त्या काळी कुणी संमतीचा आजच्यासारखा विचार करत नव्हतं. आपण करायचा आहे. वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांची संमती पुरत नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी आणि त्यापुढच्या मुलाची लेखी मान्यताही घ्यायची असते. कागदावर हे उत्तम आहे. प्रत्यक्षात फॉर्म इंग्रजीत किंवा पुस्तकी मराठीत असतो, आणि अंगठा उठवताना बापाचं लक्ष पोराच्या सलाइनकडे असतं.

माझ्या मते इथं तीन गोष्टींवर तडजोड नको. अभ्यासासाठी मुलाला एकही जादा सुई टोचायची नाही. निदानासाठी काढलेल्यातलं जे उरेल तेवढंच घ्यायचं. नाही म्हटलं तर उपचारात तसूभर फरक पडणार नाही, हे आधी सांगायचं आणि पावरी बोलणाऱ्याला पावरीतच सांगायचं. आणि त्या तुकड्यातून मुलाच्या उपचाराला उपयोगी असं जे कळेल, उदाहरणार्थ जोडजीन आहे की नाही, ते पंधरा दिवसांत त्याच्या डॉक्टरकडे परत आलं पाहिजे. ही शेवटची अट संशोधकांना जड जाते, कारण त्यांचं वेळापत्रक निबंधाचं असतं. जाऊ द्या जड. ती मान्य नसेल तर तुकडा पाठवू नये.

आपली मुलं या अभ्यासात असावीत याला आणखी एक कारण आहे, आणि ते अस्मितेचं नाही. जोडजीन मेम्फिसला तोच आणि मोलगीलाही तोच, यात शंका नाही. पण मूल वेगळं आहे. मलावीत झालेल्या अभ्यासात कुपोषित मुलांच्या शरीरातून व्हिन्क्रिस्टिन हळू बाहेर पडतं असं दिसलं, म्हणजे तीच मात्रा त्यांना जास्त बाधू शकते. सातपुड्यातल्या कुपोषणाबद्दल वेगळं सांगायला नको. नंदुरबारच्या भिल्ल-पावरा वस्तीत सिकलसेलही आहे. अशा मुलाची महिनोन् महिने वाढलेली गाठ, त्यातल्या कोवळ्या पेशींचं प्रमाण, केमो सोसण्याची त्याची ताकद, या गोष्टी युरोपातल्या मुलावर शिकून इथं लावायच्या म्हणजे अंदाजपंचे. आयआयटी मद्रासनं 2025 मध्ये भारतीय रुग्णांचा कॅन्सर-जीनोमचा संग्रह खुला केला. सुरुवात स्तनाच्या कॅन्सरपासून केली, ते योग्यच, रुग्ण जास्त आहेत. मुलांचे दुर्मीळ कॅन्सर अशा प्रत्येक यादीत शेवटी येतात, आणि त्यांतही लांबच्या जिल्ह्यांतली मुलं त्याहून शेवटी.

राहता राहिली सुरत. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे, आणि तिथला आजारी माणूस मुंबईपेक्षा सुरतेच्या बाजूला जास्त जातो. अंतर कमी, ओळखीची माणसं असतात, कामाला गेलेला भाऊबंद तिथंच राहतो. त्यात काही गैर नाही. पण मूल सुरतेला दाखल झालं की आपल्या बाजूला त्याची नोंद राहत नाही, ब्लॉक तिकडं पडून राहतो, आणि उपचार मध्येच सुटले तर त्याला शोधत यायला तिकडच्या दवाखान्याकडे पाड्याचा पत्ताही धड नसतो. धुळ्याच्या समन्वयकाला सुरतेच्या रुग्णालयांशी नोंदी आणि ब्लॉकची देवाणघेवाण करायचा लेखी अधिकार दोन्ही राज्यांच्या आरोग्य खात्यांनी मिळून द्यावा लागेल. एक करार आणि दोन सचिवांच्या सह्या. तीन जिल्ह्यांच्या आमदार-खासदारांनी पुढच्या अधिवेशनाआधी एवढं एक पत्र लिहावं.